आकडा चुकला तर सही कोणाची?

शेअर बाजारात नोंदलेल्या कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल शेवटपर्यंत चाळला तर सह्यांची रांगच दिसते. हिशेब नीट ठेवलेत असं संचालक मंडळ लिहून देतं. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि वित्तप्रमुख वेगळं प्रमाणपत्र देतात. ऑडिटरच्या सहीखाली त्याचा सभासद क्रमांक असतो आणि यूडीआयएन नावाचा अठरा अंकाक्षरांचा क्रमांकही असतो. ही सही खरी आहे का, असं उद्या कोणी विचारलं तर सीए संस्थेच्या पोर्टलवर दोन मिनिटांत कळतं.

आता जीवशास्त्रातला एखादा पेपर, म्हणजे जर्नलमध्ये छापलेला शोधनिबंध, उघडा. वर दहा-पंधरा नावं, त्यातल्या एकावर संपर्कासाठी चांदणी, शेवटी कोणी काय काम केलं याचा छोटा परिच्छेद. ‘मूळ नोंदी मी स्वतः तपासल्या आहेत, त्या खोट्या निघाल्या तर मी कायद्याने उत्तर देईन’ असं सांगणारी सही त्यात सापडत नाही. काही वैद्यकीय जर्नल्स लेखकांकडून तशा अर्थाचं लिहून घेतात. पण ते मोडलं तर जर्नलच्या हातात पेपर मागे घेण्यापलीकडे फारसं काही नसतं.

या फरकाकडे आपण पुरेसं लक्ष देत नाही, कारण काटेकोरपणा आणि जबाबदारी या दोन गोष्टी आपण एका दमात बोलतो. काम किती जपून केलं, किती वेळा ताडून पाहिलं, हा काटेकोरपणा. चुकलं तर जाब कोणाला विचारायचा, ही जबाबदारी. एक असली की दुसरी आपोआप येते असं नाही. बारावीनंतर ‘बायोटेक घ्यावं की कॉमर्सला जावं’ ही चर्चा घराघरांत होते. तेव्हा विज्ञानवाले म्हणतात, आमच्याकडे खऱ्या-खोट्याचा निवाडा चोख, धंद्यात थोडं इकडेतिकडे चालतं. नोकरीधंद्यातले म्हणतात, विद्यापीठात विचारतंय कोण, आमच्याकडे दर तिमाहीला हिशेब द्यावा लागतो. दोघांचंही अर्धंच खरं आहे. जीवशास्त्राने काटेकोरपणाची उत्तम साधनं घडवली, पण ती वापरली की नाही हे बघायला माणूस नेमला नाही. धंद्याने माणूस नेमला, पण त्याला बघायला सांगितलं ते मुख्यतः पैशाकडे.

आधी साधनांचं बोलू. सजीवांवर प्रयोग करणं अवघड असतं, कारण कुठलीच दोन जनावरं, दोन पेशी, दोन माणसं सारखी नसतात. म्हणून प्रत्येक प्रयोगाला जोडीला ‘कंट्रोल’ लागतो: औषध दिलेले उंदीर आणि न दिलेले उंदीर, बाकी सगळं सारखं. कोणता उंदीर कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे धडधाकट उंदीर नकळत औषधाच्या गटात जात नाहीत. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा, म्हणजे त्याची इच्छा आकड्यात उतरत नाही. आणि प्रयोग पुन्हापुन्हा, स्वतंत्रपणे करायचा. या शेवटच्या ठिकाणी फार गल्लत होते. एकाच बाटलीतल्या पेशी तीन खळग्यांत घालून मोजल्या आणि ‘प्रयोग तीनदा केला’ असं लिहिलं, तर ते एकाच पातेल्यातली तीन शितं चाखून तीन पातेली भात शिजवल्याचं सांगण्यासारखं आहे.

एक उदाहरण अगदी जवळून बघू, कारण गडबडी पकडल्या जातात त्यातल्या बऱ्याच इथेच सापडतात. वेस्टर्न ब्लॉट ही जीवशास्त्राच्या लॅबमधली रोजची चाचणी. पेशी फोडून त्यातली प्रथिनं जेल नावाच्या लिबलिबीत थराच्या खाचांत भरायची, वीज सोडून आकारानुसार वेगळी करायची, पातळ पडद्यावर उतरवायची, मग हव्या त्या प्रथिनालाच चिकटणारं प्रतिद्रव्य त्यावर सोडायचं. जिथे ते प्रथिन असेल तिथे पट्टा उमटतो. पट्टा जितका गडद तितकं प्रथिन जास्त. प्रत्येक खाचेत सारखाच माल भरला होता हे दाखवायला ॲक्टिनसारख्या नेहमीच्या प्रथिनाचे पट्टे खाली दाखवतात. पेपरात छापताना मात्र पूर्ण पडदा छापत नाहीत. पट्ट्यांची बोटभर रुंद चिरोटी कापून लावतात. वरची चिरोटी आणि खालची चिरोटी एकाच पडद्यावरच्या आहेत का, हे वाचकाला कळायला मार्ग नसतो. पेपर तपासणाऱ्या दोन-तीन तज्ज्ञांनाही नसतो. ते बिनपगारी काम करतात, हातात आलेला मजकूर वाचतात. मूळ फिल्म, प्रयोगवही, मशीनमधली फाईल त्यांच्यासमोर सहसा येत नाही.

एलिझाबेथ बिक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसोबत २०,६२१ पेपरांतली चित्रं नजरेने तपासली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे ३.८ टक्के पेपरांत संशयास्पद चित्रं होती: तोच पट्टा दोनदा वापरलेला, उलटा करून लावलेला, ताणून वेगळा भासवलेला. हे सगळे पेपर तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेले होते.

चित्रं खरी असली तरी निकाल टिकतोच असं नाही. ॲमजेन या औषध कंपनीने कर्करोगावरचे ५३ गाजलेले अभ्यास आपल्या लॅबमध्ये पुन्हा करून पाहिले. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ६ अभ्यासांचेच निकाल पुन्हा मिळाले. त्याआधीच्या वर्षी बायर कंपनीनेही साधारण असाच अनुभव मांडला होता. कंपन्यांनी हे का तपासलं? कारण त्या पेपराच्या भरवशावर त्यांना पुढे कोट्यवधी डॉलर घालायचे होते. पैसा लावायची वेळ आली तेव्हा कोणीतरी मूळ दाव्याला हात लावून पाहिला.

मग संशोधकांनीही एक मोठा प्रकल्प केला. ५३ पेपरांतले १९३ प्रयोग पुन्हा करायचे ठरले. २०२१ मध्ये निकाल आले तेव्हा २३ पेपरांतले ५० प्रयोगच पुरे झाले होते. अडचण पैशाची आणि वेळेची होतीच, पण मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. १९३ पैकी एकाही प्रयोगाचं वर्णन पेपरात इतकं पूर्ण नव्हतं की मूळ लेखकांना न विचारता तो पुन्हा करता यावा. लेखकांना विचारलं, तर जवळपास एक तृतीयांश प्रयोगांच्या बाबतीत उत्तर आलं नाही किंवा उपयोगाचं आलं नाही. जे प्रयोग पुरे झाले त्यांत परिणामाचा आकार मूळ दाव्यापेक्षा मध्यक पातळीवर (म्हणजे निम्म्यांत याहून जास्त, निम्म्यांत कमी) ८५ टक्क्यांनी लहान निघाला. हे सगळे लबाड होते, असा याचा अर्थ अजिबात नाही. मोजके उंदीर, चांगला दिसलेला निकाल आधी लिहायची घाई, न जमलेले प्रयोग फाईलमध्येच राहणं, एवढ्यानेही हे होतं.

पण अशा कामाचा जाब द्यायला कोणीच नव्हतं. प्रयोग करणारी विद्यार्थिनी पीएचडी घेऊन परदेशी पोस्टडॉकला गेलेली असते, वही कपाटात किंवा कुठल्यातरी हार्ड डिस्कवर. गाईडने दर सोमवारच्या मीटिंगमध्ये तयार आलेख पाहिलेले असतात. संस्थेला पेपरांची संख्या हवी असते.

चूक बाहेर यायला किती काळ लागतो? अल्झायमरच्या आजारात मेंदूतल्या एका विशिष्ट प्रथिनसमूहामुळे स्मरणशक्ती जाते, असा दावा करणारा अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठातला पेपर २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. दोन हजारांहून जास्त पेपरांनी त्याचा हवाला दिला. त्यातल्या ब्लॉटच्या चित्रांवरचा गंभीर संशय २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाच्या शोधवार्तेतून जगापुढे आला, आणि पेपर मागे घेतला गेला २०२४ च्या जूनमध्ये. अठरा वर्षं. मधल्या काळात कितीजणांनी आपली उमेदीची वर्षं त्या धाग्यामागे घातली असतील, याची नोंद कुठेही नाही.

खोट्या आकड्यांसाठी तुरुंगात गेलेले जीवशास्त्रज्ञ बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि ते का गेले हे बघण्यासारखं आहे. एरिक पोलमन अमेरिकेतल्या व्हर्माँट विद्यापीठात लठ्ठपणा आणि वार्धक्यावर काम करत. २००६ मध्ये त्यांना एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. डाँग-प्यो हान तिथल्याच आयोवा स्टेट विद्यापीठात एचआयव्हीच्या लशीवर काम करत. सशांच्या रक्तात त्यांनी माणसाची प्रतिद्रव्यं मिसळली, म्हणजे लस काम करतेय असं दिसावं. २०१५ मध्ये त्यांना ५७ महिन्यांची शिक्षा आणि ७२ लाख डॉलरची भरपाई सुनावली गेली. दोघांवरचा आरोप ‘खोटं विज्ञान केलं’ असा नव्हता. सरकारी अनुदानाच्या कामात सरकारला खोटी माहिती दिली, हा होता. २०१९ मध्ये ड्यूक विद्यापीठाने खोट्या आकड्यांच्या प्रकरणात ११.२५ कोटी डॉलर भरले, तेही अमेरिकेत सरकारी पैसा फसवून घेण्याविरुद्ध जो कायदा आहे त्याखाली. खोटा ब्लॉट जर्नलमध्ये छापला तर पेपर जातो. तोच ब्लॉट अनुदानाच्या अर्जाला जोडला तर कायदा जागा होतो.

थेरानोस या अमेरिकी रक्तचाचणी कंपनीची कथा याच रेषेवर पुढे जाते. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तात शेकडो चाचण्या होतील, असं तिच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स सांगत आणि २०१४ मध्ये कंपनीची किंमत ९०० कोटी डॉलर धरली जात होती. आत एरिका च्युंग आणि टायलर शुल्ट्झ ही कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली दोन मुलं लॅबमध्ये होती. दोघांचंही शिक्षण जीवशास्त्राचं. रुग्णाचं रक्त मशीनला लावण्याआधी ज्ञात किमतीचा नमुना लावून मशीन बरोबर मोजतंय का हे पाहतात, याला क्वालिटी कंट्रोल म्हणतात. ते वारंवार फसत होतं. तेव्हा काही आकडे ‘वेगळे पडलेले’ म्हणून वगळायचे आणि उरलेल्यांवर चाचणी पास करायची, हे त्यांना पटलं नाही. शुल्ट्झचे आजोबा त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर होते, तरी त्याने तक्रार केली. च्युंगने २०१५ मध्ये लॅबवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेला पत्र लिहिलं. तपासणी झाली, कंपनीला दोन वर्षांचे रिपोर्ट रद्द करावे लागले, लॅबचा परवाना गेला.

खटल्यात काय झालं ते लक्षात ठेवा. २०२२ च्या जानेवारीत ज्यूरीने होम्सना चार आरोपांत दोषी ठरवलं, ते चारही गुंतवणूकदारांना फसवल्याचे. रुग्णांना फसवल्याच्या आरोपांतून त्या सुटल्या. त्यांचे सहकारी बलवानी यांना वेगळ्या खटल्यात रुग्णांच्या बाबतीतही दोषी ठरवलं गेलं, म्हणून कायद्याला रुग्ण दिसतच नाही असं म्हणणं बरोबर होणार नाही. पण गुंतवणूकदाराकडे काय सांगितलं त्याची सादरीकरणं, करार, ई-मेल सगळं असतं, आणि नुकसान डॉलरमध्ये मोजता येतं. चुकीच्या रिपोर्टने घाबरलेल्या बाईचं नुकसान तसं मोजता येत नाही.

मग धंद्यातल्या सह्या तरी पुरतात का? सत्यम ही आयटी कंपनी आठवा. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. त्या ताळेबंदावर नामांकित ऑडिट फर्मची सही होती. बँकेत शिल्लक किती, हे ऑडिटरने बँकेला थेट विचारायचं असतं, आणि उत्तर थेट ऑडिटरकडे यायला हवं. अमेरिकी नियामकांनी २०११ मध्ये ठपका ठेवला तो नेमका इथे: या चौकशीची सूत्रं कंपनीच्याच माणसांच्या हाती राहिली होती. जाब विचारायला माणूस होता, राजूंना २०१५ मध्ये सात वर्षांची शिक्षाही सुनावली गेली, पण सहीमागे तपास नव्हता.

या दोन्ही गोष्टी एकत्र आणायचा सर्वात गंभीर प्रयत्न एका घोटाळ्यातूनच जन्मला, आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. शिकागोजवळ इंडस्ट्रियल बायो-टेस्ट लॅबोरेटरीज नावाची प्रयोगशाळा होती. कीटकनाशकं, औषधं, प्रसाधनं विषारी आहेत का, हे कंपन्यांसाठी उंदीर-कुत्र्यांवर तपासून देणं हा तिचा धंदा, आणि अमेरिकेतल्या अशा चाचण्यांचा फार मोठा वाटा तिच्याकडे होता. १९७६ मध्ये सरकारी अन्न व औषध खात्यातले एड्रियन ग्रॉस तिचे अहवाल वाचत असताना थबकले, कारण आकडे फार नीटनेटके होते. मूळ वह्या मागवल्या तर जनावरांच्या नोंदींत काही अक्षरं वारंवार येत होती. त्यांचा अर्थ: जनावर इतकं कुजलंय की तपासता येत नाही. उंदरांच्या एका खोलीला तिथले कर्मचारीच ‘दलदल’ म्हणत. पाणी फवारणारी यंत्रणा बिघडल्याने पिंजरे भिजत आणि उंदीर मरत. मेलेल्यांच्या जागी नवे उंदीर घातले जात आणि अहवालात दीर्घकालीन अभ्यास सुरळीत पार पडलेला दिसे. १९८३ मध्ये तिघा अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं गेलं. या लॅबच्या अहवालांवर परवाने मिळालेली किती रसायनं तोवर शेतांत आणि घरांत पोहोचली होती!

त्यानंतर आले ‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’चे, म्हणजे जीएलपीचे नियम. अमेरिकेत ते १९७८ च्या डिसेंबरात जाहीर झाले, नंतर ओईसीडी या देशसमूहाने आपली आवृत्ती काढली. भारतात विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखाली यासाठी राष्ट्रीय यंत्रणा आहे, आणि २०११ पासून आपल्या जीएलपी लॅबचे अहवाल ओईसीडी देशांत ग्राह्य धरतात. औषध किंवा कीटकनाशक कंपनीसाठी विषचाचण्या करणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला लागलात तर पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात.

नियम दिसायला किरकोळ आहेत. प्रयोग कसा करायचा ते आधी लिहायचं आणि त्यावर सही करायची. मग बदल हवा असेल तर कारण लिहून, तारीख घालून. प्रत्येक अभ्यासाला एकच ‘स्टडी डायरेक्टर’. अभ्यासाचं जे काही होईल त्याचं उत्तर त्याने द्यायचं, आणि शेवटी तसं सही करून सांगायचं. नोंद जागच्या जागी, शाईने. उंदराचं वजन २१.४ ग्रॅमऐवजी चुकून २४.१ लिहिलं गेलं, तर खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, आतला आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, चूक का झाली ते दोन शब्दांत, आद्याक्षरं आणि तारीख. दहा वर्षांनी वही उघडणाऱ्या निरीक्षकाला त्या दिवशी त्या टेबलावर काय घडलं ते दिसतं. आणि सर्वात महत्त्वाचं, क्वालिटी ॲश्युरन्स (क्यूए) विभाग स्टडी डायरेक्टरच्या हाताखाली नसतो. तो वरच्या व्यवस्थापनाला रिपोर्ट करतो. प्रयोग चालू असताना येऊन बघायचा, मूळ नोंद आणि अहवाल आकड्याला आकडा लावून ताडायचा त्याला अधिकार असतो. सत्यममध्ये जे सुटलं होतं ते इथे बांधलेलं आहे: तपासणाऱ्याने मूळ कागद स्वतः बघायचा.

यानेही सगळं सुटत नाही. प्रयोगाचा प्रश्नच चुकीचा असेल तर जीएलपी तो पकडणार नाही. जे झालं ते प्रामाणिकपणे लिहिलं गेलं, एवढीच त्याची हमी आहे. शिवाय औषधनिर्मितीतही अशाच तऱ्हेचे नियम असताना रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीने खोटे आकडे सादर केले. दिनेश ठाकूर या त्यांच्याच अधिकाऱ्याने ते बाहेर काढले, आणि २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हे कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. नव्या शोधाच्या मागे असलेल्या छोट्या विद्यापीठीय लॅबवर हा सगळा डोलारा लादला तर ती लॅब बंद पडेल, हेही खरं आहे. पण त्यातल्या दोन गोष्टींना फारसा खर्च नाही. पेपर पाठवण्याआधी लॅबबाहेरच्या एका माणसाने मुख्य आकृत्यांमागच्या मूळ नोंदी उघडून बघाव्यात, आणि ‘मी बघितल्या’ अशी सही करावी. संस्थेने ती सही जपून ठेवावी. एवढंही बहुतेक ठिकाणी होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडे तर तक्रार कुठे करायची हाच प्रश्न आहे. अमेरिकेत आरोग्य खात्याच्या पैशातून होणाऱ्या संशोधनातली लबाडी तपासायला १९९२ पासून वेगळं कार्यालय आहे. यूजीसीचे २०१८ चे नियम वाङ्मयचौर्यासाठी आहेत. मजकूर १० टक्क्यांपर्यंत जुळला तर काय, ४० च्या वर गेला तर काय, ६० च्या वर गेला तर काय, याच्या पायऱ्या त्यांत आहेत. स्वतःच्या शब्दांत लिहिलेला खोटा आकडा त्या जाळीतून सहज निसटतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या एका गटाचा २००५ चा पेपर चित्रांच्या वादावरून परदेशी जर्नलने २००७ मध्ये मागे घेतला. देशातल्या चौकशी समितीला मात्र त्यात गैर काही आढळलं नव्हतं, आणि नंतर एका विज्ञान अकादमीने तीन वर्षांच्या बंदीची कारवाई केली. एकाच प्रकरणाचे असे वेगवेगळे निकाल लागतात, कारण शेवटचा शब्द कोणाचा हे ठरलेलंच नाही.

वरच्या उदाहरणांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. पोलमन यांचे आकडे बदललेले आहेत हे प्रथम ओळखलं ते त्यांच्या लॅबमधल्या तरुण तंत्रज्ञाने. थेरानोसमध्ये विशीतल्या दोघांनी. मूळ आकडा सर्वात खालच्या माणसाच्या हाताखालून जातो, म्हणून खोट आधी त्याला दिसते, आणि पगार, फेलोशिप, शिफारसपत्र हे सगळं वरच्याच्या हातात असतं.

म्हणून लॅबमध्ये पीएचडीसाठी जाणाऱ्याने गाईडचे पेपर मोजण्याआधी एक विनंती करावी: गेल्या वर्षी इथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याची प्रयोगवही बघता येईल का? ती कुठे आहे, आणि ती काढून द्यायला किती वेळ लागतो, यावरून बरंच समजतं. औषध किंवा डायग्नोस्टिक कंपनीत मुलाखतीला बसलात आणि शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं विचारलं, तर क्यूए विभाग कोणाला रिपोर्ट करतो ते विचारा. उत्तरात उत्पादनप्रमुखाचं किंवा विक्रीप्रमुखाचं नाव आलं, तर ऑफर लेटरवर सही करण्याआधी तिथल्या एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याला गाठून बोला.